स्पीकरच्या तंगड्या

माणसाच्या तंगड्या मोडल्या तं डॉक्टरकडे जातात, खुर्चीच्या मोडल्या तं सुताराकडे. स्पीकरच्या तंगड्यासाठी जबलपुरात लोक माह्याकडे येत होते. हे ऐकून तुम्ही हसता. हसा. मी बी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतका हसलो की तोंडातलं पान समोरच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. तोच माहा पहिला स्पीकरवाला गिऱ्हाईक.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी म्हटलं, "बबनभाऊ, तुमच्या धंद्याचे अनुभव लिहा." मी म्हटलं, बाप्पा, मले सही सोडून काई लिहिता येत नाई, अन् सहीतला 'ब' बी कधी कधी उताणा पडते. तं म्हणाले, तुम्ही बोला, आम्ही उतरवून घेतो. आता बोलण्यात आपण कोणाले हार जात नाई. म्हून हे जे छापलं आहे ते माहं बोलणं आहे. शुद्धलेखनवाल्यांनी चष्मा काढून वाचावं.

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत माही खराद मशीन होती. लोखंडाची सळई मशीनमध्ये गरगर फिरते, तिले पातं लावलं की काकडीचं साल निघावं तसं लोखंडाचं साल निघते. इतकाच धंदा. सिहोऱ्याचे शेतकरी थ्रेशरचे बुश घेऊन येत, कोणी हँडपंपाची पिन, कोणी स्कूटरचा एक्सल. या लोकांशी माहं बरं जमे, कारण त्याईले बी घाई अन् मले बी चहाची घाई.

त्या दिवशी देवघरे काका आले. राइट टाउनात राहाचे, मूळचे आमच्या वर्ध्याकडचे, कारखान्यातून रिटायर. सारी नोकरी घणाच्या खात्यात गेली, म्हून एक कान कारखान्यात जमा झाला अन् दुसरा अर्धा. त्याईच्या पुण्याच्या पोरानं त्याईले दोन स्पीकर पाठवले होते, कमरेएवढे उंच, शिसमाच्या रंगाचे. काकानं मोबाइलमध्ये फोटो दाखवला. स्पीकरच्या बुडाले चार टोकदार खिळे, उलट्या शंकूसारखे.

"बबन, असे खिळे बनवून दे. पोरगा म्हणते याच्यानं आवाज साफ होते."

"काका, स्पीकर पळून जाते का, खिळे ठोकाले?"

अन् तेव्हाच ते पान गेलं.

शर्ट धुवून झाल्यावर काकानं मले समजावलं. मले जेवढं समजलं तेवढं तुम्हाले सांगतो, बाकीचं पुण्याच्या पोराले विचारा. स्पीकरमधून आवाज निघते तेव्हा त्याचा डबा बी थरथरते. तो थरथराट फरशीत उतरते, फरशी बी गाऊ लागते, कपाट गाते, खिडकीचा काच गाते. गाणारा एक अन् कोरसवाले दहा. मंग गाणं गढूळ होते. याच्यावर दोन इलाज. एक म्हणजे खिळा: डबा चार टोकांवर असा घट्ट उभा कराचा की त्यानं हलूच नाई. दुसरा म्हणजे रबर: डबा मऊ गादीवर ठेवाचा, म्हणजे त्यानं हलावं तितकं हलावं, पण घराले पत्ता नाई. एक खानदान म्हणते खिळा, एक म्हणते रबर, अन् दोघांचं आपसात पाणी बंद.

मी खिळेवाल्या खानदानात शिरलो, कारण रबर काई खरादीवर चढत नाई.

पितळी सळई कापली, टोकं काढली, वर आटे पाडले. काय चमकून राहिले होते! मी स्वतः घेऊन गेलो राइट टाउनले. काका वरच्या मजल्यावर भाड्यानं राहात. खाली घरमालकीण, तिवारी अम्मा. पोरीबाळी लग्न होऊन गेलेल्या, तिवारीजी देवाघरी, अन् अम्माची सारी दुनिया म्हणजे देव्हाऱ्यातला लाडू गोपाळ. त्याले उठवणं, न्हाऊ घालणं, टोपी घालणं, संध्याकाळी चांदीच्या पाळण्यात बसवणं. काका-काकू त्या घरात इतकी वर्षं होते की काकूचं लोणचं अन् अम्माचं लोणचं एकाच गच्चीत वाळे अन् कोणाचं कोणतं हे मुंगीलेच ठाऊक.

मी खिळे लावले, स्पीकर उभे केले, अन् छातीवर हात बांधून मागं सरकलो. काकूनं खाली पाहिलं.

"बबन, फरशीत भोकं पाडून राहिला का रे तू?"

खरंच पडून राहिली होती. तिवारीजीनं स्वतः उभं राहून टाकलेली मोझॅकची फरशी, लाल-हिरव्या फुलांची. माहा खिळा नेमका एका फुलाच्या मधोमध बसला होता.

"काकू, फुलाले देठ लागतेच ना," मी म्हटलं. काकूच्या हातात लाटणं होतं, म्हून बाकीचं मी जिन्यात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक खिळ्याखाली ठेवाले पितळेच्या छोट्या वाट्या बनवून आणल्या. मधात खळगा, त्यात खिळ्याचं टोक. फरशी बी वाचली अन् भोकं बी झाकली. काकानं तबल्याची रेकॉर्ड लावली, डोळे मिटले, मान हलवली.

चार दिवसांनी काकाचा फोन. "बबन, वाट्यानं काय फरक पडला रे! आवाज कसा थंड झाला. पहिले जरा तिखट होता."

"पितळेचा गुण आहे काका," मी म्हटलं. "स्टीलमध्ये हे होत नाई." मले काय माहीत, पण तारीफ दारात आली तं तिले परत पाठवाची नाई असा आपला नियम.

मी गर्वानं पाहाले गेलो. वाकून पाहिलं तं वाट्यात पाणी.

"काकू, हे काय?"

"मुंग्या चढतात ना रे! आमच्या आईच्या घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाले असंच राहे. पायाखाली वाटी, वाटीत पाणी. मले वाटलं तू त्याच्यासाठीच बनवल्या. रोज सकाळी मी पाणी बदलते."

मी काकाकडे पाहिलं. काका डोळे मिटून थंड आवाज ऐकून राहिले होते. मी काकूच्या कानात म्हटलं, "रोज बदलत राहा. फक्त मीठ घालू नका, गंजते." अन् चहा पिऊन निघालो. त्याच्यानंतर मी दोन गिऱ्हाइकांले पाण्याची वाटी सांगितली. एकानं सांगितलं फरक पडला. दुसऱ्याच्या स्पीकरले मुंग्या लागल्या नाई.

आता खरी कथा. खिळ्याचा एक गुण मले कोणी सांगितला नव्हता. खिळ्यानं डबा घट्ट होते, पण डब्याचा सारा थरथराट टोकातून सरळ फरशीत जाते. अन् काकाची फरशी म्हणजे अम्माचं छत. त्याच छताच्या हुकाले अम्माच्या गोपाळाचा पाळणा टांगला होता.

संध्याकाळी काका वर तबला लावत. खाली अम्मा गोपाळाले पाळण्यात बसवे. अन् एका संध्याकाळी पाळणा आपोआप झुलू लागला.

हे मले सदरमध्ये चहाच्या टपरीवर समजलं. एक बाई दुसरीले सांगून राहिली होती, "राइट टाउन में तिवारी अम्मा के यहाँ लड्डू गोपाल खुद झूलते हैं. मैं देख के आई हूँ, बहन. ताल में झूलते हैं, ताल में!" ताल ऐकल्याबरोबर मी चहा अर्धाच सोडला.

तसाच उठून गेलो. घरासमोर चपलांचा ढीग. आत बाया ढोलक घेऊन बसलेल्या. अम्मा मधात, डोळ्यांत पाणी, नवी साडी. पाळणा डुलून राहिला होता, छोटी घंटी किणकिण करून राहिली होती. मी वर पळालो.

"काका, बंद करा!"

"काय?"

"बंद करा म्हणतो!"

"काय छंद?"

मी बटणच दाबलं. गाणं थांबलं. खालची घंटी बी थांबली. मंग ढोलक थांबला. माह्या लक्षात आलं की मी लय चुकीच्या वेळेवर शहाणपणा केला.

तुम्ही म्हणाल, बायांले काय समजते. बायांले सारं समजते. एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं छताकडे पाहिलं, अन् तिसरी, जिचं अम्माशी जुनं वाकडं होतं, ती म्हणाली, "काए अम्मा, भगवान को भी किराएदार झुलाते हैं का?" अन् जो हशा झाला तो वर आम्हाले ऐकू आला, काकाले सुद्धा.

अम्मा हसली नाई. सारे गेल्यावर ती जिना चढून आली, गुडघ्यावर हात ठेवत. दारात उभी राहिली.

"भाभीजी, नवरात्र के बाद या तो ये डब्बे जाएँगे, या आप लोग. मैंने बोल दिया." अन् उतरून गेली.

काकू भिंतीले टेकून खाली बसली. म्हणाली, "या गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात मी मेहंदी काढली आहे. अम्माले टायफॉइड झाला तं मी उशाशी बसली. अन् आता दोन डब्यांसाठी मी घर बदलू का हो? या वयात नव्या गल्लीत माहं नाव कोण पुकारन?"

काकाचं काय झालं ते मी सांगतो, मी पाहिलं म्हून सांगतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो तं काकानं आवाज इतका बारीक केला होता की मले दाराशी काईच ऐकू नाई आलं. काका फरशीवर बसून स्पीकरच्या जाळीले कान लावून होते, डॉक्टर पेशंटच्या छातीले लावते तसा. मले पाहून उठले, उगाच स्पीकरवरची धूळ पुसली.

"बबन, एखादं मोठं खोकं मिळन का तुह्याकडे? पोराले परत पाठवून देतो. तशी बी मले सवय नाई गाण्याची. घणाची आहे."

मी म्हटलं, "काका, खोकं मिळन. पण पहिले मले रबरवाल्या खानदानात जाऊ द्या."

रबराचा पहिला प्रयोग मी सदरमधून आणला. फौजी अफसरांच्या क्लबात आपला एक माळी दोस्त होता. त्यानं स्क्वॅशचे फुटलेले चेंडू दिले. अर्धे अर्धे कापले, चार चार वाट्या फरशीवर पालथ्या, वर स्पीकर. खाली थरथराट कमी झाला, हे खरं. पण काकूनं झाडू मारला, झाडूचा दांडा लागला, अन् स्पीकरनं खाली बसलेल्या काकाच्या खांद्यावर मान टाकली. काका घाबरून ओरडले, "अरे, पकडा याले, चक्कर आली याले!"

मंग मी ट्यूब आणली. स्कूटरची, जुनी, पंक्चर काढलेली. भेडाघाटच्या एका मूर्तीवाल्याकडून संगमरवरी दगडाचे दोन चौकोनी तुकडे आणले. खाली ट्यूब, त्यात थोडी हवा, वर दगड, दगडावर स्पीकर. म्हणजे स्पीकर हवेवर तरंगते, अन् हवेतून थरथराट खाली जात नाई. हे मी कुठं वाचलं नव्हतं, वाचता येत नाई. सिहोऱ्याचा एक शेतकरी ट्रॅक्टरच्या सीटखाली ट्यूब ठेवे, कंबर दुखते म्हून. मले वाटलं, कमरेले चालते तं तबल्याले काहून नाई?

पहिल्या दिवशी मी हवा जास्त भरली. स्पीकर भेडाघाटच्या नावेसारखे डुलाले लागले. एक गाणं पूर्ण होईपर्यंत काकाले उलटी आल्यासारखं झालं. मंग हवा कमी केली. अन् ते वॉल्व्हचं तोंड बाहेर राहू द्यावं लागे, कारण ट्यूब जुनी, दर दोन दिवसांनी बसे. काकानं सायकलचा पंप घेतला. सकाळी देवाले फूल, स्पीकरले हवा. काकूनं ट्यूब दिसू नये म्हून जुन्या पैठणीचा काठ शिवून गुंडाळला. दोन स्पीकर पाहिले तं वाटे, आत्ता मंगळाष्टकं सुरू होतील.

नवरात्र संपत आलं होतं. मी अम्माकडे गेलो अन् हात जोडले. "अम्मा, आख़री बार देख लो. आप नीचे बैठो, हम ऊपर बजाएँगे. झूला हिला, तो डब्बे मैं खुद उठा के ले जाऊँगा."

अम्मानं कोपऱ्यातला बांबू दाखवला, जाळे काढाचा. "हिला, तो मैं इससे छत ठोकूँगी. एक बार. बस."

मी वर आलो. काका खुर्चीत, काकू देवाजवळ. जिन्याचं दार उघडंच होतं, बांबूचा आवाज ऐकू यावा म्हून. काकानं मान हलवली, मी बटणाले हात लावला, अन् तेव्हाच माही हिंमत गेली. पाहा, खरादीवर मी कोणाले घाबरलो नाई. पण काकू देवाजवळ ज्या पद्धतीनं बसली होती, ते पाहून माह्या बोटानं आवाज अर्ध्यावरच ठेवला.

गाणं सुरू झालं. खालून काई नाई. काका पुढं वाकले. "चालू आहे का?"

काकाले ऐकू यावं म्हून मी जोरात म्हटलं, साऱ्या जबलपूरले ऐकू जाईल इतक्या जोरात: "काका, मी आवाज कमीच ठेवला! म्हातारी पास झाली की मंग वाढवू! म्हातारीले काय समजते!"

आता तुम्हाले एक गोष्ट सांगतो जी मले त्या क्षणापर्यंत माहीत नव्हती. इतके दिवस त्या घरात स्पीकरचा घुमघुमाट असा भरलेला राहे की वरचं बोलणं खाली जात नव्हतं. माह्या ट्यूबनं तो घुमघुमाट गेला. घर शांत झालं. अन् शांत घरात, उघड्या जिन्यातून, माहं वाक्य पायरी पायरीनं खाली उतरलं, चप्पल न घालता.

बांबू वाजला नाई. पावलं वाजली.

अम्मा दारात आली. काकू उभी राहिली. मी बटणाच्या मागं लपाचा प्रयत्न केला.

अम्मा माह्याकडे पाहून म्हणाली, साफ मराठीत, आमच्या वर्ध्याकडची मराठी: "म्हातारीले सारं समजते, मिस्त्री. इतकी वर्षं मराठी किराएदार ठेवले, मी काय बहिरी आहे?"

काका-काकूनं एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते दोघं अम्मासमोर अम्माविषयी काय काय मराठीत बोलले असतील, ते सारं एका क्षणात त्याईच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिलं. काकूचा तं हात तोंडावरच गेला.

"हओ भाभीजी," अम्मा म्हणाली, "कढ़ी वाली बात भी समझी थी. अन् नाकावाली बी." मंग माह्याकडे वळली. "पूरा बढ़ाओ."

"अम्मा..."

"पूरा."

मी पूर्ण वाढवला. अम्मा उतरून गेली, तितक्याच हळू. जिन्यातली तिची पावलं तबल्यात बुडाली. आम्ही तिघं फरशीकडे पाहात उभे, जसं काई फरशीतून बांबू उगवणार आहे. तबला चढत गेला. खिडकीचा काच गप. काकूचे डबे गप. काका इतक्या दिवसांनी खुर्चीत मागं टेकून ऐकून राहिले होते, अन् त्याईची बोटं गुडघ्यावर चालून राहिली होती, त्याईले माहीत नसताना. मी ती बोटं पाहिली अन् मनात म्हटलं, आता ठोक अम्मा, लवकर ठोक, हे सहन होत नाई.

रेकॉर्ड संपली. खालून काई नाई.

"झोपली का?" काका म्हणाले.

आम्ही तिघं खाली उतरलो, चोरासारखे. अम्मा पाळण्यासमोर बसली होती. बांबू मांडीवर. गोपाळ आपल्या जागी, जरीची टोपी, एकदम स्थिर. घंटी बी स्थिर. अम्मा त्याच्याकडे पाहून राहिली होती. मंग तिनं हात पुढं केला अन् पाळण्याले स्वतः एक झोका दिला.

"अब ठीक है," ती म्हणाली. "इनको मैं झुलाऊँगी. कोई और नहीं." काकूकडे न पाहता म्हणाली, "डब्बे रहेंगे. तुम लोग भी. कल सुबह अचार छत पे डालना है, भाभीजी, देर मत करना."

काकूनं तिचे पाय धरले तं अम्मानं बांबूनं तिले बाजूले सारलं, "हटो, गोपाल जी को दिख नहीं रहा."

माही मशीन आता बंद आहे. आता स्पीकर मुठीएवढे आले, टेबलावर बसतात, त्याईले तंगड्याच नाई. ज्याले लागतात त्याले पाकिटात तयार मिळतात, कोणाच्या फरशीत भोक पडत नाई, कोणाच्या शर्टावर पान जात नाई. मले कधी कधी वाईट वाटते. पण चांगला खिळा बनवणारे पुष्कळ झाले असतील. देवाले ताल धराले लावणारा मीच.

त्या संध्याकाळी मी आपली पिशवी उचलून सटकत होतो. अम्मानं मागून हाक मारली, "मिस्त्री! उद्या अजून एक ट्यूब घेऊन येजो."

मी खूश झालो. वाटलं, अम्मा बी रबरवाल्या खानदानात आली. "आणतो ना अम्मा! कशाखाली लावाची आहे?"

"तुह्या जिभेखाली."